बाटलीवरचं लाल हृदय

माझा आवाज मोठा आहे. माय म्हणायची, ही पोरगी कानात बोलली तरी तलावाच्या पल्याड ऐकू जाते. राग त्याहून मोठा. घरात भांडं पडलं की पडण्याच्या आवाजाआधी माझा आवाज निघतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे झालं ते माझ्या तोंडामुळं झालं. आवळ्यावर आळ घेण्यात काही अर्थ नाही.

नवेगाव बांधपासून सायकलीच्या अंतरावर आमचं गाव. तिथं आम्हा अकरा बायकांचा बचत गट आहे आणि त्याची अध्यक्ष मी. दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, उरकल्या, तिथं खेळ करणारे दंडारवाले आपापल्या घरी गेले की रानातला आवळा भरतो. बाजारात मिळतो तसा लिंबाएवढा नाही. बारीक, कडक, खाल्ला की कानामागून घाम काढणारा. आम्ही तो उकडतो, बिया काढतो, वाटतो, फडक्यातून गाळतो. लोणचं, सुपारी, सरबत. सहा वर्षं आम्ही हेच करत होतो आणि कोणाचं काही वाईट झालं नव्हतं.

मग माझ्या सासूच्या पायांवर सूज आली.

मी त्यांना आई म्हणते. त्यांना अंगणातून चुलीपर्यंत येताना धाप लागायची. रात्री उशा रचून बसल्या बसल्या झोपायच्या. गोंदियाला नेलं तर डॉक्टर म्हणाले, हृदय अशक्त झालं आहे, बीपीही आहे, गोळ्या जन्मभर. पिशवीभर गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो. त्या दोन-तीन आठवड्यांत मी मोबाईलवर काय काय पाहिलं, बाप्पा! डाळिंबानं नस मोकळी होते. आवळ्यानं रक्त पातळ होतं. पपई, संत्री, आलं, लिंबू, लसूण. एक दाढीवाला माणूस तर हातात फळ धरून सांगायचा की डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत. मला त्याचं पटलं. डॉक्टर मला खरंच काही सांगत नव्हते, नुसतं "टाइम पे देना" म्हणत होते.

मग मी माझा रस केला. साठवणीतला आवळा, डाळिंब, आलं अन् लिंबू, मंद आचेवर अर्धा होईपर्यंत आटवलेला. रोज सकाळी पितळेचा पेला भरून आईंच्या हातात द्यायचा. आणि गोळ्यांची पिशवी मी उचलून माळ्यावर फेकली.

"त्या गोळ्या पोट जाळतात, आई. हे घ्या. फळ आहे, देवानं दिलेलं."

"हव बाई," आई म्हणायच्या. पेला घ्यायच्या, न्हाणीच्या बाजूला दगडावर जाऊन बसायच्या. मी सडा-सारवण उरकून येईस्तोवर पेला रिकामा असायचा. धुऊन पालथा ठेवलेला.

तीन महिन्यांत सूज उतरली. आई बांधापर्यंत चालत जाऊन आल्या. मंडईच्या दिवशी तर पाहुण्यांसाठी स्वतः वडे तळले. मग मी हवेत गेले नसते तरच नवल! गटात सांगितलं, भिशीत सांगितलं, लग्नात पंगतीत वाढता वाढता सांगितलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच.

आमच्या गावच्या आशाताईनं मला एकदाच हटकलं. हापशीवर पाणी भरताना हळूच म्हणाली, "ताई, रस पाजा, चांगलाच आहे. पन गोळ्या बंद करा असं लोकाईले सांगत नका जाऊ."

"काऊन? माझी सासू मेली का?" मी म्हटलं, आणि हापशीवरच्या साऱ्या बायकांनी ऐकलं. "तुमच्या गोळ्यांनी तं उठत नव्हती. माझ्या रसानं चालून राहिली. तुम्ही तुमचे पोलिओचे डोस पाजा."

ती घागर उचलून गेली. मला वाटलं जिंकले.

त्याच आठवड्यात मी गोंदियाला जाऊन नवीन लेबलं छापून आणली. आधी नुसतं "आवळा रस" असायचं. आता वर मोठं लाल हृदय, आणि खाली "हृदयासाठी". गटातली एक बाई म्हणाली, एवढं लाल काऊन वो, पानाच्या टपरीसारखं दिसते. मी म्हटलं, लांबून दिसलं पाहिजे, गाडी थांबली पाहिजे. कारण माझ्या डोक्यात कोहमाऱ्याचा चौक होता.

कोहमाऱ्याला हायवेवर माझ्या दादाचं टायरचं दुकान आहे. ढाब्यांच्या रांगेच्या टोकाला, कडुनिंबाखाली. रायपूरहून नागपूरकडं जाणारे तिथं चहाला थांबतात. दादानं दुकानापुढं सावलीत मला एक टेबल टाकून दिलं. शनिवार-रविवार मी तिथं बसायची.

दादाबद्दल सांगायचं तर, बाप गेला तेव्हा मी सहा वर्षांची अन् तो सोळाचा. पावसाळ्यात नाल्याला पाणी असलं की तो मला खांद्यावर बसवून शाळेच्या बाजूला सोडायचा, आणि परत येऊन धानाच्या बांधीत उतरायचा. स्वतःची शाळा त्यानं तेव्हाच सोडली. मला मात्र बारावीपर्यंत शिकवलं. त्यामुळं की काय, मी काही बोलले की त्याला ते शिकलेल्या माणसाचं बोलणं वाटायचं. गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगायचा, "मेरी बहन है, साहब. बारहवीं पास."

आदल्या उन्हाळ्यात दादाच्या छातीत कळ आली होती. नागपूरला नेऊन हृदयाच्या नळीत जाळी बसवली. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या दिल्या आणि बजावून सांगितलं की वर्षभर एक दिवसही चुकवायचं नाही. दादानं चुकवल्या नाहीत. वहिनीनं दुकानात भिंतीवर खिळा ठोकून गोळ्यांची पिशवी टांगली होती, जेवणाचा डबा उघडला की आधी पिशवी दिसायची.

पण टायरवाल्याचा हात तो. रोज कुठंतरी टायर काढायची पट्टी निसटते, रिमची धार लागते, तार घुसते. पूर्वी तो खरचटलेल्या बोटावर ग्रीस लावून कामाला लागायचा. आता रक्त थांबतच नव्हतं. दंडावर निळे डाग पडायचे. एका रविवारी माझ्या टेबलाशेजारी बसून तो बोटाला चिंधी दाबून धरत होता. चिंधी लाल झाली, दुसरी घेतली.

"पाह्य ना बाई," तो म्हणाला. "अर्धा घंटा झाला. या गोळ्या घेतल्यापासून असंच होऊन राहिलं. गिऱ्हाईक पाहून घाबरते."

मी काय म्हणायला पाहिजे होतं? डॉक्टरला विचार. एक फोन कर. एवढंच. लहान पोराला सुचलं असतं.

मी म्हटलं, "मंग कायले घेतोस? माझ्या सासूले पाह्य. एक गोळी नाही, वर्ष होऊन राहिलं. आवळाही रक्त पातळ करते, पन असं रक्त सांडत नाही. फळ आहे ते."

"डॉक्टरनं वर्षभर सोडायची नाही म्हटलं आहे."

"डॉक्टर काय, आपल्या सासूले पाजून पाहते का? मी पाजून पाहिलं आहे."

दादा हसला. "तू म्हणतेस तं..." म्हणाला आणि चिंधी बदलली.

पुढच्या रविवारी खिळ्यावर पिशवी नव्हती. तिथं माझी बाटली टांगलेली होती, गळ्याला सुतळी बांधून, लाल हृदय रस्त्याकडं करून. मी खूश झाले. खोटं कायले बोलू, खूप खूश झाले. त्या दिवशी थांबलेल्या प्रत्येक गाडीवाल्याला मी दोन गोष्टी सांगितल्या: माझी सासू अन् माझा भाऊ. "जाली बिठाई हुई है इनको. गोली बंद. पूछ लो." आणि दादा हातातला पाना वर करून मान डोलवायचा.

उचलली जीभ, लावली टाळूला. किती लोकांना सांगितलं मी तसं? आता आठवायला बसले की चेहरे आठवत नाहीत, गाड्यांचे रंग आठवतात.

माघातल्या थंडीत, सकाळी दहाच्या सुमारास वहिनीचा फोन आला. ट्रकच्या मागच्या चाकाचे नट आवळता आवळता दादा खाली बसला होता. ड्रायव्हरला वाटलं, दमला. मग त्यानं पाहिलं तर दादाच्या अंगावरचं बनियन त्या थंडीत घामानं भिजलेलं. त्याच ड्रायव्हरनं ढाब्यावरच्या जीपमध्ये घातलं आणि गोंदियाला नेलं.

मी गावातून निघाले ती थेट दवाखान्यात. खांद्यावर नेहमीची पिशवी, आणि पिशवीत, सवयीनं टाकलेली, एक बाटली. हे मला वॉर्डात पोचल्यावर कळलं, पिशवी पलंगाच्या दांडीला लागून आवाज झाला तेव्हा.

दादा शुद्धीवर होता. नाकावर ऑक्सिजन, छातीवर वायरी. बसवलेल्या जाळीतच रक्ताची गाठ झाली होती. डॉक्टर तरुण होते, डोळे तांबारलेले, रात्रभर जागे असावेत. हातात दादाचे नागपूरचे कागद. वहिनी एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला.

"खून पतला करने की गोली चालू थी?" त्यांनी विचारलं.

दादानं नजर खाली केली.

"चालू थी कि नहीं? मैं सीधा पूछ रहा हूँ."

"नहीं, साहब."

"कब से?"

"दो महिना हुआ."

डॉक्टरांनी कागद पलंगावर आपटले. "किसने बंद करवाई?"

शेजारच्या खाटांवरची माणसं वळून पाहू लागली. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. फक्त पाहिलं. माझ्या पिशवीत ती बाटली, खांद्याला तिचं वजन लागत होतं. माझा आवाज, जो तलावाच्या पल्याड जातो तो, कुठं गेला कोणास ठाऊक. मी मनात म्हणत होते, आता बोल. आता बोल. आणि त्याच वेळी मनातच म्हणत होते, पण आई तर बऱ्या झाल्या ना? मग माझं काय चुकलं?

दादानं एकदा माझ्याकडं पाहिलं, दोन-चार श्वास घेत थांबला. मग डॉक्टरांकडं पाहून म्हणाला, "किसीने नहीं, साहब. मैं ही भूल गया."

"भूल गया! दो महिना भूल गया?" आणि मग डॉक्टर जे बोलले! साऱ्या वॉर्डादेखत, दादाच्या वयाचा मुलाहिजा न ठेवता. मरायचं होतं तर जाळी कायले बसवली, बायको-पोरांचा विचार केला नाही, तुमच्यासारख्यांमुळं आमचे हाल. दादा छताकडं पाहत ऐकून घेत होता. "गलती हो गई, साहब," म्हणत होता. त्याचे हात चादरीवर होते, नखांत ग्रीस तसंच होतं.

मी खाली मान घालून उभी राहिले. डॉक्टर गेले. मी पिशवी पाठीमागं सरकवली.

त्याच दुपारी त्याला नागपूरला हलवलं. गाडीत वहिनी बसली, दुसऱ्या माणसाला जागा होती, पण तिनं आपल्या भावाला बोलावून घेतलं. मला म्हणाली, "तुम्ही घरी जा." इतकंच. एरवी ती मला "ताई" म्हटल्याशिवाय वाक्य पुरं करत नाही.

घरी आले तेव्हा आई अंगणात लाखोळीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला कोणावर तरी चढायचंच होतं. चोराच्या उलट्या बोंबा. मी पिशवी ओट्यावर आदळली आणि ओरडले, "तुम्हाला तोच रस, त्याला तोच रस! तुम्ही चालून राहिल्या, आणि माझा भाऊ तिकडे मरून राहिला! असं काऊन झालं? सांगा!"

आईंच्या हातातली शेंग थांबली.

"तो बी गोळ्या घेत होता ना?" त्यांनी विचारलं.

"बी म्हणजे?"

त्या उठल्या. हात पदराला पुसले. घरात जाऊन तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि प्लॅस्टिकची पिशवी बाहेर काढली. गोळ्या. पाकिटं अर्धी संपलेली, नीट रबर लावलेली.

"मी कधी सोडल्याच नाही, बाई," आई म्हणाल्या. "आशाताई आणून देते सरकारी दवाखान्यातून. तू गटाच्या शेडवर गेली की मी घेतो."

"आणि रस?"

त्या न्हाणीकडं पाहू लागल्या. न्हाणीच्या सांडपाण्यावर आमची पपई आहे. दीड वर्षात ती भलतीच फोफावली होती, बुंधा माझ्या मांडीएवढा. आम्ही कौतुक करायचो, राख घातली म्हणून असेल.

"आवळा मी खात नाही," आई म्हणाल्या. "गयेले सोडला."

आमच्याकडं गयेला जाऊन वाडवडिलांचं पिंडदान केलं की तिथं एक फळ सोडून यायचं असतं, जन्मभरासाठी. लोक हुशार असतात. आमच्या एका चुलतसासऱ्यानं जर्दाळू सोडले, जे त्यानं आयुष्यात पाहिले नव्हते. दुसऱ्यानं अंजीर सोडलं. आईंनी मात्र आवळा सोडला. लहानपणी रानात ढोरामागं फिरताना पोट भरलं ते त्यांचं आवळ्यांनी. आवडीचं सोडलं नाही तर ते सोडणं कसलं, असं त्यांचं म्हणणं. हे सगळं माझ्या लग्नाआधीचं. आणि सोडलेल्या फळाचं नाव घेऊन मिरवू नये असं त्या मानतात, म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं. मी बावीस वर्षं त्या घरात आवळ्याचं लोणचं घालते आहे. आईंच्या ताटात वाढलं की त्या म्हणायच्या, दात आंबतात. मला ते खरंच वाटायचं. जिचे दात चणे फोडतात तिचे आवळ्यानं कसे आंबतील, एवढा विचार मी केला नाही.

"मले काऊन नाही सांगितलं?" मी विचारलं. या वेळी आवाज निघाला तो माझा नव्हताच.

"दोनदा सांगाले आलो होतो," आई म्हणाल्या. "एकदा तू गटाच्या बायकांवर चिडली होती. दुसऱ्यांदा तू त्या लेबलाचं चित्र काढून आणलं, अन् इतकी खूश होती. म्हटलं, जाऊ दे. माझ्याजवळ गोळ्या आहेत, पपईले रस आहे, कोणाचं काही जात नाही. तुझ्यासंगे कोन भांडल?" मग त्या खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडू लागल्या. "मले का माहीत बाई, तू त्याच्या बंद केल्या म्हणून. मले माहीत असतं तं पाय पडलो असतो तुझ्या."

सत्तरीची बाई माझ्या पाया पडायची गोष्ट करत होती, कारण माझ्याशी खरं बोलायची घरात सोय नव्हती. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात. मी आवळा देऊन भावाचा जीव काढत होते.

आशाताईकडं मी त्याच संध्याकाळी गेले. तिला सगळं माहीत होतं, हापशीवर मी बोलले तेव्हाही. पिशवीत तिच्याजवळ आईंच्या गोळ्या असतील तेव्हा, आणि ती चार बायकांत माझं ऐकून घागर उचलून गेली. म्हणाली, "आजीनं शपथ घातली होती, ताई. मी आजीच्या गोळ्या चालू ठेवल्या, तेवढंच माझ्या हातात होतं." तिनं चहा ठेवला. मी तो न पिताच उठले.

दादा वाचला. नागपूरला तो अकरा दिवस राहिला. पण हृदयाचा बराच भाग गेला असं सांगितलं. ट्रकचं चाक सोडा, भरलेली बादली उचलायची नाही. जिना हळू चढायचा. दुकान त्यानं भाच्याच्या हाती दिलं, वहिनीच्या भावाच्या पोराच्या. स्वतः खुर्ची टाकून कडुनिंबाखाली बसतो आणि टायर कसा काढायचा ते सांगतो.

मी भेटायला गेले ती तो घरी आल्यावर चौथ्या दिवशी. त्याआधी हिंमत झाली नाही. वहिनीनं पाणी दिलं आणि आत गेली. दादा पलंगावर बसला होता, गळ्याभोवती शर्ट ढिला झालेला. खिळा आता घरात ठोकला होता, त्याच्या उशाशी, आणि पिशवी परत टांगलेली.

मी सगळं सांगितलं. गया, पपई, तांदळाचा डबा. बोलता बोलता रडले, नाक पुसलं, परत बोलले. म्हटलं, "दादा, तू माझं नाव काऊन नाही घेतलं? डॉक्टर तुले किती बोलला. मी तिथंच उभी होती."

दादानं चादरीचा काठ चिमटीत धरला.

"तुझं नाव घेतलं असतं तं त्यानं तुले बोललं असतं, साऱ्या लोकांत," तो म्हणाला. "मी ऐकत बसलो असतो का? माझी बहीण आहेस."

मी मान डोलावली. मला वाटलं, माफ केलं त्यानं. मी उठायलाही लागले.

"पन बाई," तो म्हणाला, अगदी सहज, पाणी मागावं तसं, "मले वाटलं होतं, तू बोलशील. मी थांबलो होतो थोडा."

रागानं बोलला असता तर मी भांडले असते, मला ते येतं. याला मी काय करू? त्या वॉर्डात माझ्याकडं पाहून दादा थांबला होता तो क्षण मला आठवला. मी समजले होते की त्याला दम लागला आहे.

उरलेल्या बाटल्यांची लेबलं आम्ही अकरा जणींनी बसून पाण्यात भिजवून काढली. लाल रंग बोटांना लागला तो चार दिवस गेला नाही. गटात मी उभं राहून सांगितलं, काय केलं ते. पानाच्या टपरीचं बोलली होती ती बाई नुसती माझ्याजवळ सरकून बसली. सरबत आम्ही अजूनही करतो. नुसतं सरबत.

कोहमाऱ्याला मी बसते ते दादानं सांगितलं म्हणून. मी टेबल उचलायला गेले होते, तर तो म्हणाला, "राहू दे. ज्याईले सांगितलं ते परत या रस्त्यानंच जातीन." मग मी पुठ्ठ्यावर हातानं लिहिलं, मराठीत अन् हिंदीत, की हे फक्त सरबत आहे, औषधाच्या गोळ्या बंद करू नका. लोक वाचत नाहीत. वाचणारे हसतात.

चैत्रात एक पांढरी गाडी थांबली. साठीचे गृहस्थ, राजनांदगावकडचे, महिन्यातून एकदा पोरीकडं नागपूरला जाणारे. मला पाहून हात जोडले. "दीदी, वो दिल वाला नहीं दिख रहा? लाल वाला. मिसेस ने खत्म कर दिया, मँगाया है."

मी टेबलामागून बाहेर आले. "गोली चल रही है ना उनकी?"

"नहीं नहीं, वो तो आपने ही बोला था. बंद है. इनका भी तो बंद है ना?" त्यांनी दादाकडं बोट दाखवलं.

दादा खुर्चीत बसला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि या वेळीही तो थांबला.

"झूठ बोला था मैंने," मी म्हटलं. आवाज मोठाच निघाला, पलीकडच्या ढाब्यावरचे लोक पाहू लागले. "मेरे भाई की गोली मैंने बंद करवाई. मैंने. दो महीने में अटैक आया. मरते मरते बचा है. और मेरी सास ने वो रस कभी पिया ही नहीं, गोली ही खाती थी. भैया, अभी फोन लगाओ घर पे. अभी. डॉक्टर को दिखाओ आज के आज."

त्या गृहस्थांचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही. ते मला काहीतरी बोलतील म्हणून मी उभी राहिले, बोलायला पाहिजे होतं त्यांनी. पण त्यांनी खिशातून मोबाईल काढला, लावला, कानाला धरला. रिंग पुरी वाजून बंद झाली. परत लावला. परत पुरी वाजली. "सोई होगी," ते स्वतःशीच म्हणाले, गाडीत बसले, आणि नागपूरकडं न जाता गाडी वळवून आल्या रस्त्यानं निघून गेले. काच खाली होती, मोबाईल कानालाच होता.

त्यांचं नाव मी विचारलं नव्हतं. नंबरही नाही.

"बस, बाई," दादा मागून म्हणाला. "उन्हात उभी नको राहू."

त्याला आता अकरा महिने होऊन राहिले. ते परत आले नाहीत. मी दर शनिवारी-रविवारी टेबल मांडते. पांढरी गाडी वेग कमी करताना दिसली की मी उठून उभी राहते, आणि दादाही खुर्चीचे हात धरून, हळूहळू, उठतो.